काडीपैलवानाची लपलेली चरबी

ठाण्यात माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली घोडबंदरची गर्दी तुंबायच्या आत, सकाळी सहाला चालायला निघालं की दोन प्रकारची माणसं भेटतात. काहींना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं. काहींच्या आईला किंवा वडिलांना ते सांगितलेलं असतं आणि त्यांनी वेळीच कान टवकारलेले असतात. मी दुसऱ्या गटातला. आईला वीस वर्षं शुगर आहे. मी मात्र उंचीने 168 सेंटिमीटर, वजनाने 61 किलो, हातपाय काड्या. 'तुला काय होणार? तुझं खाल्लेलं अंगी लागतंय कुठे?' हे शाळेपासून ऐकत आलो. दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांची शुगर तपासली, तर आकडा आला 6.1. मधुमेहाच्या बॉर्डरवर. खाल्लेलं अंगी लागत होतं, फक्त दिसत नव्हतं.

तेव्हापासून या विषयाचं वेड लागलं. चरबी, व्यायाम आणि घराण्यातून येणारा मधुमेह यांबद्दल जे हाती लागलं, त्यातलं सगळ्यात चटकदार आणि उपयोगी असं इथे मांडतोय. ज्यांच्या घरात 'आमच्याकडे सगळ्यांनाच शुगर आहे' हे वाक्य सहज बोललं जातं, त्यांनी तर नक्की वाचा.

दोन डॉक्टर, एकच आकडा

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या हिशेबात वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. कागदावर दोघंही सडपातळ. मग खास एक्स-रे तंत्राने अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात, म्हणून जगभर हे 'वाय-वाय कोडं' या नावाने गाजलं.

कारणं त्यांनी स्वतःच दिली. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं. शिवाय याज्ञिक जन्मले तेच कमी वजनाचे. चरबी, व्यायाम आणि जन्माआधीची शिदोरी, हा सगळा विषय त्या एका फोटोत मावला.

बाळसं असतं, पण आत

आपल्याकडे बाळ हडकुळं जन्मलं की आजी म्हणते, 'धरेल हळूहळू बाळसं.' पुण्याच्या संशोधकांना दिसलं ते वेगळंच होतं. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी 3.5 किलोची. आपली बाळं पोटाने लहान, दंडाने बारीक, स्नायूंनी कमी. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्याच्या मापकात धरून मोजली, तेव्हा तिथली चरबी जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच निघाली. बाळाने सगळीकडे काटकसर केली होती, चरबीच्या बाबतीत मात्र नाही.

पुढे नाळेतलं रक्त तपासलं, तर त्यात इन्सुलिनही जास्त होतं. मधुमेहाकडे जाणारी वाट काही जणांच्या बाबतीत पाळण्याच्याही आधी सुरू झालेली असते. 'बारीक पण चरबीदार भारतीय बाळ' ही कल्पना पुण्याच्या या खेड्यांतूनच जगात गेली.

पालेभाजीचं पुण्य

याच गावांतली दुसरी गोष्ट. आईने एकूण किती खाल्लं, यापेक्षा काय खाल्लं याचा बाळाच्या वाढीशी जवळचा संबंध दिसला. गरोदरपणात ज्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खात होत्या, त्यांची बाळं चांगली भरलेली होती. भाकरीबरोबर मेथी, शेपू, चवळी, वर वाटीभर दूध, इतकं साधं.

आणि एक इशारा. या बायकांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींना बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांना बी-12 कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी चरबी जास्त होती आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत होता. बी-12 दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं, भाजीपाल्यात नसतं. म्हणून घरात कुणी गरोदर असेल, विशेषतः शाकाहारी, तर डॉक्टरांना बी-12 बद्दल आवर्जून विचारा. नातवाची शुगर सांभाळायची तर सून काय जेवते, याकडे आधी पाहायला हवं.

पन्नास पिढ्या उपाशी

सिडनी विद्यापीठातले डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अंगावर काटा आणतो. उंदरांच्या पन्नास पिढ्यांना अर्धपोटी ठेवलं. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर, चांगलं खाणं दिलं. तरी त्या दोन पिढ्यांत मधुमेहाकडचा कल गेला नाही. आपल्या आजी-पणजींनी काढलेले दुष्काळ आठवले की हा प्रयोग फार जवळचा वाटतो. शरीराला भुकेची सवय लागायला पिढ्या लागतात. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिज भरलेला आहे, ही बातमी त्याच्यापर्यंत इतक्या लवकर पोचत नाही.

खाण तशी माती?

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला टाइप 2 मधुमेह असेल, तर मुलांचा धोका किती वाढतो? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासात उत्तर मिळालं: साधारण साडेतीन पट. दोघांनाही असेल तर सहा पट.

पण हे काम एका जनुकाचं नाही. शेकडो जनुकीय फरक थोडा थोडा धक्का देतात. त्यातला सगळ्यात ठळक, टीसीएफ7एल2 नावाचा, 2006 मध्ये सापडला. त्याच वर्षी त्याची परीक्षाही झाली. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासातल्या लोकांत हा फरक कुणाकडे आहे, ते तपासलं. राहणी न बदललेल्या गटात त्याचा जोर दिसला. ज्यांनी वजन उतरवलं आणि चालायला सुरुवात केली, त्यांच्यात तो जवळजवळ विरला. या लेखातली मला सगळ्यात आवडणारी ओळ हीच. वारशात आलेला धोका पायांनी कमी होतो.

सुश्रुताला दोन्ही माहीत होते

आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या विकारांचे, दोन प्रकार सांगितलेत. एक 'सहज', म्हणजे जन्मासोबत आलेला. दुसरा अपथ्यातून, म्हणजे चुकीच्या खाण्या-राहण्यातून झालेला. पहिला रोगी बारीक, दुसरा स्थूल, बसण्या-झोपण्याची आवड असलेला. औषधांबरोबर कुस्ती, घोडदौड असे व्यायामही दिलेत. गरिबासाठीचा उपाय तर ऐकण्यासारखा: छत्री नाही, पायात काही नाही, भिक्षेवर जेवायचं, एका गावात एकच रात्र राहायचं आणि शंभर योजनं चालायचं. नाहीतर विहीर खणायची. जिम निघायच्या कित्येक शतकं आधी चालणं आणि अंगमेहनत औषधाच्या यादीत होती.

कणगी भरली की ओसरीवर

चरबी वाईट नसते. ती कुठे साठते, यावर सगळं ठरतं. कातडीखालची चरबी म्हणजे धान्याची कणगी. तिची जागा मोठी असेल तर जास्तीचं खाणं तिथे नीट साठतं. कणगी लहान असेल, तर धान्य ओसरीवर, माजघरात, चुलीपाशी सांडायला लागतं. शरीरात ही सांडलेली चरबी पोटात आतड्यांभोवती, यकृतात आणि स्वादुपिंडात जाते. 'फॅटी लिव्हर' हा शब्द आता आपल्या सोसायट्यांत सर्रास ऐकू येतो, तो याचाच. आपल्यातल्या अनेकांची कणगी लहान असते. म्हणून वजन फार न वाढताही शुगर चढते.

याचे तीन पुरावे:

• जपानचे सुमो पैलवान अवाढव्य असतात, तरी सराव चालू असेपर्यंत त्यांची बरीच चरबी कातडीखाली राहते. सराव सुटला की हा बचाव सैल पडतो.

• 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात स्थूल बायकांच्या पोटाच्या कातडीखालची साधारण दहा किलो चरबी यंत्राने ओढून काढली. इन्सुलिनच्या कामात काहीच सुधारणा झाली नाही. रिकामी केली ती कणगी, ओसरीवरचा पसारा तसाच राहिला.

• काही जण दुर्मीळ आजारामुळे जवळजवळ चरबीशिवाय जन्मतात. त्यांना मधुमेह होत नसेल असं वाटतं ना? उलट, फार कडक होतो. कारण साठवायला कणगीच नाही.

अणुबॉम्बने सांगितलं चरबीचं वय

1950-60 च्या दशकांत देशोदेशींनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या आणि हवेत एका विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला. तो झाडांतून, अन्नातून माणसांच्या पेशींत उतरला. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्याचाच कॅलेंडरसारखा वापर करून 2008 मध्ये चरबीच्या पेशींचं वय काढलं. दर वर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. मोठेपणी संख्या जवळपास ठरलेली असते. बारीक झालो तरी पेशी कमी होत नाहीत, नुसत्या आकसतात. म्हणून मुलांच्या खाण्याकडे आणि खेळण्याकडे लहानपणीच लक्ष द्यायचं.

दहा किलो गेले कुठे?

एखाद्याने दहा किलो चरबी उतरवली, तर ती जाते कुठे? घामात? उष्णतेत? दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2014 मध्ये हिशेब मांडला. दहा किलोंपैकी 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जातात आणि उरलेले 1.6 किलो पाणी होऊन. येऊरचा चढ चढताना जो दम लागतो, त्या प्रत्येक उच्छ्वासात थोडी चरबी हवेत जाते. पण नुसतं जोरजोरात श्वास घेऊन भागत नाही. स्नायूंनी ती जाळावी लागते.

रक्तात साखर किती? एक चमचा

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम साखर फिरत असते. चहाचा एक चमचा. दोन चमचे साखरेचा चहा घेतला, तर रक्तात आहे त्याच्या दुप्पट साखर शरीराला ठिकाणी लावायची असते. ती जागा म्हणजे मुख्यतः स्नायू. इन्सुलिन आलं की रक्तातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. म्हणून स्नायू कमी म्हणजे साखरेला जागा कमी. काडीपैलवानाची अडचण अशी दुहेरी असते: चरबी आत, स्नायू थोडके.

मागचं दार

ही गोष्ट कळली तेव्हा मला सगळ्यात जास्त धीर आला. स्नायूचं पुढचं दार इन्सुलिनच्या किल्लीने उघडतं. मधुमेहात ती किल्ली नीट लागत नाही. पण स्नायू हलला, आखडला, काम करायला लागला, की इन्सुलिनच्या मदतीशिवाय मागचं दार उघडतं आणि साखर आत जाते. म्हणून जेवल्यावर थोडं चाललं तरी शुगर कमी चढते.

आपल्या आज्यांनी याला नाव देऊन ठेवलंय: शतपावली. शंभर पावलं आजच्या जेवणाला पुरत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं करा. पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर घराच्या पॅसेजमध्ये.

वजन हललं नाही, धोका हलला

अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉर्डरवरच्या लोकांना थोडं वजन उतरवायला आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायला लावलं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. गोळी घेणाऱ्यांत घट 31 टक्के.

आपल्याला जवळची गोष्ट मात्र चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने बॉर्डरवरच्या 531 भारतीयांना घेतलं आणि निकाल 2006 मध्ये मांडला. तीन वर्षांत चालणं आणि खाण्यातला बदल पाळणाऱ्यांत धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! वजनकाट्याकडे पाहून जो निराश होतो, त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. काटा जागेवर असतानाही आत बरंच काही सुधारत असतं.

एका ग्रॅमची किंमत

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांचं वजन उतरवून स्वादुपिंडाची स्कॅनने तपासणी केली. तिथली एक ग्रॅमहूनही कमी चरबी गेली, की इन्सुलिन पुन्हा नीट सुटायला लागलं. त्यांच्या पुढच्या मोठ्या अभ्यासात, गेल्या सहा वर्षांत मधुमेह निघालेल्या आणि वजन उतरवायला लावलेल्या गटातल्या 46 टक्के जणांची शुगर वर्षभरात गोळीशिवाय आटोक्यात आली. मात्र हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं. तुमच्या गोळ्या चालू असतील, तर मनाने बंद करू नका.

शेजारचा गोवा पहिला

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी 13.6 कोटी बॉर्डरवर असल्याचा अंदाज निघाला. देशाचं प्रमाण 11.4 टक्के. सगळ्यात वर गोवा, 26.4 टक्के. साधारण दर चार मोठ्या माणसांमागे एक. आणि बॉर्डरवरचे मधुमेहींपेक्षाही जास्त! म्हणजे अजून ज्यांच्या हातात बरंच काही आहे, अशांची रांग मोठी आहे.

दहा हजारांचा आकडा आला कुठून?

टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर गेला आणि आता आपल्या मनगटावर येऊन बसलाय. दहा हजार झाली नाहीत म्हणून चालणं सोडायचं काही कारण नाही. मासुंदा तलावाला एक फेरी, उपवन तलावाला एक फेरी, स्टेशनचा जिना, कॅडबरी जंक्शनला रिक्षा सोडून उरलेलं पायी. सगळं जमेला धरलं जातं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, असं स्नायूंना कामाला लावणारं काहीतरी.

तीन महिन्यांची शुगर म्हणजे काय?

तांबड्या रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांना चिकटत जाते. ती किती चिकटली, हे एचबीएवनसी चाचणी सांगते. 5.7 च्या खाली ठीक, 5.7 ते 6.4 बॉर्डर, 6.5 आणि पुढे मधुमेह. आदल्या रात्री श्रीखंड सोडून हा आकडा फसवता येत नाही. घरात शुगर असेल तर तिशीची वाट न पाहता तपासा, बारीक असाल तरी.

आईचा इंचटेप

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त. आई ब्लाउज शिवायची. तिचा पिवळा इंचटेप अजून आहे. कडा उसवलेल्या, पहिल्या तीन इंचांचे आकडे पुसट झालेले. त्या टेपने तिने तीस वर्षं माजिवड्यातल्या बायकांच्या कमरा मोजल्या. रिपोर्ट आला त्या रविवारी तिने तो माझ्याभोवती लावला. श्वास सोडून, पोट न खेचता, बेंबीच्या जरा वर. 36 इंच. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना 90 सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच. बायकांना 80, म्हणजे साडेएकतीस. दुसरा हिशेब आणखी सोपा: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझी उंची 66 इंच, म्हणजे कंबर 33 च्या आत यायला हवी. टेप नसेल तर उंचीएवढी सुतळी घ्या, मधोमध दुमडा, कमरेभोवती लावा. टोकं जुळली नाहीत, तर चालायला लागा.

आई टेपकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'अरे, तुझे सगळे शर्ट मीच शिवलेत. दर वेळी पोटाला अर्धा इंच वाढवून घेत होते. मला वाटायचं, चला, लेकाच्या अंगी लागतंय.'

गेल्या दिवाळीत आकडा 34 होता आणि तीन महिन्यांची शुगर 5.8. अजून इंचभर उतरवायची आहे. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आई सगळ्यांना रांगेत उभं करते. आधी मी, मग माझी बारा वर्षांची मुलगी. तिचा आकडा आई कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते आणि तिला सांगते, 'जा, आता खाली जाऊन खेळ.' मग स्वतः चपला घालते. सकाळचे सात वाजलेले असतात, पुलाखाली अजून सावली असते. आम्ही दोघं चालायला लागतो.